स्क्रू जागेवर आहेत

मणक्याच्या ऑपरेशनची आपल्याकडे केवढी दहशत आहे! ‘मणक्याला हात लावू देऊ नका, जन्माचं अंथरूण धराल,’ हे माझं ऑपरेशन ठरल्यापासून मी कितीजणांच्या तोंडून ऐकलं असेल. शेजारच्या वहिनी, बँकेतले सहकारी, रोज दूध घालणारे काका, प्रत्येकाच्या माहितीत असा कुणीतरी असायचाच, जो दवाखान्यात चालत गेला आणि परत काही चालला नाही. म्हणून तर ऑपरेशन पार पडून पायाची बोटं हलली, वॉकर धरून चार पावलं टाकली, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. गणपतीला अभिषेक होतो, वॉर्डातल्या मावशींना पेढे दिले जातात, फोनवरून नातेवाइकांना ‘सगळं व्यवस्थित’ कळवलं जातं.

आणि नेमकं त्यानंतर, सगळं निभावून गेलेलं असताना, पुष्कळ पेशंटच्या मनावर मळभ येतं. कुणाच्या छातीत सदानकदा धडधड असते. कुणाला उगाच रडू येतं, कुणाला रडूही येत नाही. हे कुणाजवळ बोलायला जावं तर समोरून एकच येतं : ‘अगं, ऑपरेशन चांगलं झालं ना? मग आता काय?’ विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण त्या मायेपुढे पेशंटचं तोंड बंद होतं. माझं झालं होतं. आणखी कुणाचं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

माझं दुखणं चारचौघींसारखंच. सांगलीत बँकेच्या काउंटरवर वर्षानुवर्षं बसून काम. आधी नुसती कंबर धरायची. मग डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत करंट उतरावा तशी कळ यायला लागली. रात्र रात्र खुर्चीत बसून काढायची, कारण आडवं झालं की पाय पेटायचा. एमआरआय केला तेव्हा कळलं, कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर येऊन नस दाबते आहे आणि वरचा मणका थोडा पुढे सरकला आहे. ऑपरेशन मिरजेत झालं. मिरज हे दवाखान्यांचंच गाव, पार कर्नाटकातल्या खेड्यांतून माणसं तिथं येतात. गादीचा दाबणारा भाग काढून टाकला आणि ते दोन मणके टायटॅनियमचे चार स्क्रू आणि दोन सळ्या घालून एकमेकांना जखडले. त्याच संध्याकाळी पायातली कळ गेली. डॉक्टरांच्या हाताला यश होतं, आणि त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पण जखडलेले मणके हाडाने सांधून एक व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. पहिल्या काही महिन्यांसाठी घरी जाताना तीन नियम मिळतात : वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कमरेत वळायचं नाही. हे नियम पाळायला लागल्यावर लक्षात येतं, आपल्या घरातली किती कामं, किती रीतभात वाकण्यावर चालते. दारातली रांगोळी वाकून, केर वाकून, विळीवर बसायचं ते वाकून, तुळशीला पाणी घालायचं ते वाकून, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं तेही वाकून. पाडव्याला सासूबाईंसमोर मी ताठ उभी राहिले आणि हात जोडले. ‘असू दे गं, पोचला नमस्कार,’ असं म्हणून त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या बोलण्यात काही उणं नव्हतं. तरी ती सबंध दुपार मी छताकडे बघत पडून होते आणि घरात चाललेली दिवाळी मला कुठेच लागत नव्हती.

अंथरुणातून उठायचीही एक रीत शिकवतात. आधी गुडघे दुमडायचे. खांदे आणि कंबर एकाच वेळी फिरवून कुशीवर व्हायचं. पाय पलंगाखाली सोडायचे आणि ते खाली जात असतानाच खालच्या हाताच्या कोपरावर भार देऊन बसतं व्हायचं. मग पट्टा बांधायचा. त्या पट्ट्याच्या वेल्क्रोचा चर्रकन आवाज होतो. मध्यरात्री बाथरूमला जायचं तर तो आवाज होणार, दिवसभर माझं करून दमलेले हे दचकून उठणार, म्हणून मी संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडलं होतं. एकदा टिकल्यांचं पाकीट हातातून निसटून फरशीवर पडलं. समोर दिसत होतं, हातभर अंतरावर. लेक कॉलेजातून येईपर्यंत ते तसंच पडून राहिलं आणि मी पलंगाच्या कडेला बसून त्याच्याकडे बघत राहिले. पायातल्या कळेने मला कधी इतकं रडवलं नव्हतं.

रात्री दोन-तीनच्या सुमाराला जाग यायची. कूस बदलताना पाठीत कुठंतरी कट्‌ वाजायचं आणि अंगाला दरदरून घाम फुटायचा. स्क्रू निसटला असेल का? परत कापावं लागेल का? आणि मग ते सगळे ऐकलेले पेशंट, जे परत चाललेच नाहीत, ते एकेक करून डोळ्यांपुढे यायचे. दिवसा मी हालचाल टाळायला लागले. जिन्याची पायरी उतरताना कठडा इतका घट्ट धरायचे की बोटं पांढरी पडायची. तपासणीला गेलं की डॉक्टर एक्स-रे उजेडावर धरून समाधानाने म्हणायचे, ‘स्क्रू एकदम जागेवर आहेत. फिरा बिनधास्त.’ बाहेर माणसांची रीघ लागलेली असायची. स्क्रू जागेवर आहेत, पण मला घास गोड लागत नाही, हे त्या दोन मिनिटांत कसं सांगणार?

हे का होतं, याची कारणं वैद्यकाला आता चांगली ठाऊक आहेत. मणक्याच्या ऑपरेशनपर्यंत पोचलेला माणूस महिनोन्‌महिने दुखणं सोसून, झोप गमावून, कामावरून बोलणी खाऊन आलेला असतो. अनेकांच्या मनात नैराश्याने आधीच घर केलेलं असतं, आणि ज्यांचं ते तसंच राहून जातं त्यांना ऑपरेशनचा आरामही कमी पडतो, असं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यात औषधांची भर. ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या स्टिरॉइडने काही दिवस झोप उडू शकते, चित्त थाऱ्यावर राहत नाही. नसांसाठी दिलेल्या प्रीगॅबालिनसारख्या गोळीने गुंगी येते, काहींचं मन त्यानेही उतरतं. या गोळ्या किंवा ट्रॅमाडॉलसारखं दुखण्यावरचं औषध आपल्या मनाने एकदम बंद केलं तर जिवाची तगमग होते. म्हणून गोळी बदलायची ती डॉक्टरांना विचारूनच. आणि नस सावरायला वेळ लागतो. नसेचा धागाच तुटलेला असेल तर तो नव्याने वाढतो तो साधारण दिवसाला 1 मिलिमीटर, या हिशेबाने. तळव्याचा बधिरपणा महिनोन्‌महिने रेंगाळतो, काहींचा राहूनही जातो. हे आधी कुणी समजावून सांगितलेलं नसेल तर पेशंट धरून चालतो की ऑपरेशन फसलं.

शिवाय दुखणं आणि मन यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या नाहीत. पाठीकडून वर येणारी दुखण्याची खबर मेंदू जशीच्या तशी घेत नाही. तो ती खालीच थोपवतो किंवा वाढवून घेतो, आणि या कामात सेरोटोनिन व नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं वापरतो. मनःस्थितीशीही याच रसायनांचा जवळचा संबंध आहे. म्हणून खचलेल्या, घाबरलेल्या माणसाला तेच दुखणं जास्त दुखतं, त्यात नाटक नसतं. चोर निघून गेल्यावरही कुत्रं भुंकत राहावं, तशी नस मोकळी झाल्यावरही शरीराची राखण चालूच राहते. प्रत्येक कट्‌ आवाज धोक्याचा वाटतो. माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने स्नायू ढिले पडतात, ढिल्या स्नायूंनी पाठ आणखी दुखते आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. या चक्रात चांगलं झालेलं ऑपरेशनही वाया जाऊ शकतं.

1934 साली अमेरिकेत बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी आपला निबंध छापला आणि सरकलेल्या गादीने नस दाबली जाऊन पाय दुखतो, ऑपरेशन करून तो दाब काढता येतो, हे जगापुढे मांडलं. तोवर सायटिकाच्या पेशंटना शेक, पट्ट्या आणि सक्तीची विश्रांती यांवरच दिवस काढावे लागत. त्या शोधाने लाखो माणसं उभी राहिली. मीही त्यांतलीच. पण गादी, नस आणि दाब हे चित्र इतकं स्वच्छ होतं की दुखण्याकडे तेवढ्याच नजरेने बघायची सवय आपल्याला लागली. 1979 साली वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या केली. वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा अनुभव आहे, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं होतं, आणि 2020 साली ती व्याख्या सुधारली तेव्हाही भावना तिच्यात राहिलीच. मग ऑपरेशननंतरच्या तपासणीत संवेदना तेवढ्या तपासायच्या आणि भावना सोडून द्यायची, हे अर्धंच काम झालं.

माझ्या बाबतीत ती भावना कुणी विचारली असेल तर ती फिजिओथेरपीच्या तरुण मुलीने. पाय वर उचलून धरताना मी श्वास रोखते, हे तिने पाहिलं होतं. ‘काकू, दुखतंय म्हणजे मोडतंय असं नसतं,’ ती म्हणाली, आणि व्यायाम थांबवून तिने विचारलं, ‘झोप लागते का? कशात मन रमतं का?’ मला हुंदकाच फुटला. तिने टेबलाच्या खणातून एक छापील कागद काढला. त्यावर मराठीत नऊ प्रश्न होते, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. कशात रस वाटतो का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयी काय वाटतं, लक्ष लागतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, सगळे मिळून सत्तावीस. बेरीज दहा किंवा त्याच्या वर गेली तर तज्ज्ञांशी बोलायला हवं. माझी गेली होती. हा कागद जगभर वापरतात आणि भरायला चहा निवायच्या आत होतो. चिंतेसाठी असाच सात प्रश्नांचा दुसरा कागद आहे. कुठलंही यंत्र लागत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढल्यावर घरात क्षणभर शांतता झाली. लोक काय म्हणतील, हे यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सासूबाईच म्हणाल्या, ‘पाठीच्या डॉक्टरकडं जायला लाजली नाहीस, मग याच डॉक्टरकडं जायला लाज कसली?’ मला ड्युलोक्सेटिन नावाची गोळी सुरू झाली. तीच सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ती उपलब्ध करून देते, आणि नैराश्यावर तसंच जुनाट कंबरदुखीवरही वापरली जाते. प्रत्येकाला तीच गोळी लागेल असं नाही, कुणाला गोळी लागतही नाही. गुण यायला काही आठवडे गेले. सोबत समुपदेशन होतं. ‘कट्‌ वाजलं म्हणजे स्क्रू निसटला’ हा विचार कागदावर लिहायचा, त्याच्या बाजूने पुरावा काय आणि विरुद्ध काय ते शेजारी मांडायचं, आणि मग ठरवलेलं अंतर चालायचंच. आधी फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत, मग गणपती मंदिरापर्यंत. एका सकाळी यांच्याबरोबर आयर्विन पुलापर्यंत गेले. कृष्णेला पाणी बेताचंच होतं, घाटावर कुणीतरी गोधड्या आपटत होतं, आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती. आम्ही तिथंच गाड्यावर पोहे खाल्ले.

माझ्याच वेळेला फिजिओथेरपीला एक हमाल मामा यायचे. सांगलीच्या बाजारात हळदीची पोती वाहण्यात उभा जन्म गेलेला माणूस. व्यायाम चोख करायचे, बोलायचे मात्र अजिबात नाहीत. त्यांची बायको बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसायची. ‘ताई, हे घरात बोलतच न्हाईत बघा. दिसभर भिंतीकडं तोंड करून पडत्यात. पोरानं काय इचारलं की अंगावर धावून जात्यात. डॉक्टर म्हणत्यात, ऑपरेशन बेस्ट झालंय.’ आणि एकदा मामा स्वतःच माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळी चढत हुतो मी. आता ही घागर उचलती आणि मी बघत बसतो.’

पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा असंच दिसतं, रागात, मुकेपणात, कधी बाटलीत. घरातले म्हणतात, स्वभाव बिघडला. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीला आणि भविष्यनिर्वाह निधीला संरक्षण दिलं, ही मोठी गोष्ट आहे. पण पाठ गेल्यावर त्याने आपल्याच घरात कुठल्या तोंडाने बसायचं, या प्रश्नात त्याला सोबत करायला माणूसच लागतो. फिजिओच्या त्या मुलीने मामांनाही कागद वाचून दाखवला. नववा प्रश्न असतो जगणं नको वाटतं का, याबद्दलचा. पुढे त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं, त्या प्रश्नावर मामा कितीतरी वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी मान हलवली. त्याच दिवशी त्यांचे उपचार सुरू झाले. तो प्रश्न कुणी विचारलाच नसता तर काय झालं असतं, याचा विचार आजही मला सहन होत नाही.

त्याच दिवसांत लेकीने मला एक चित्र दाखवलं. मेक्सिकोच्या फ्रिडा काहलोचं. 1925 साली, अठरा वर्षांची असताना, बस आणि ट्रामच्या अपघातात तिचा पाठीचा कणा मोडला. पुढचं सगळं आयुष्य दुखणं, पट्टे आणि ऑपरेशनं यांत गेलं. 1946 साली न्यूयॉर्कमध्ये तिचे मणके हाड आणि धातूची सळी घालून जखडले, आणि त्याच वर्षी तिने हे चित्र काढलं. चित्रात दोन फ्रिडा आहेत. एक पांढऱ्या चादरीत आपल्याकडे पाठ करून पडलेली, पाठीवरच्या चिरा उघड्या, रक्त ओघळतं आहे. दुसरी शेजारी बसलेली, लाल वस्त्रं नेसून, आपल्याकडे सरळ बघते आहे, आणि तिच्या हातात तो पाठीचा पट्टा आहे. मी पुष्कळ वेळ बघत राहिले. ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला येणारे सगळे त्या बसलेल्या फ्रिडाला भेटून जातात. ती उभी राहिली की टाळ्या वाजवतात. पडलेली तिथंच असते, आणि तिची विचारपूस कुणी केली नाही तर बसलेलीलाही फार काळ ताठ बसवत नाही. फ्रिडाने दोघींना एकाच चित्रात जागा दिली. तेवढी जागा आपण आपल्या घरात आणि दवाखान्यात द्यायला हवी.

म्हणून सर्जन मंडळींना हात जोडून विनंती आहे. ऑपरेशन ठरवताना एमआरआयबरोबर ते नऊ प्रश्नही विचारा. तुम्हाला वेळ नसेल तर सिस्टर विचारतील, फिजिओ विचारतील. पाय किती दिवस बधिर राहू शकतो, कट्‌ आवाज येऊ शकतो, मन खचू शकतं, हे आधीच सांगून ठेवा. टाके काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहिता, तिच्याखाली मनाची तपासणी करायची तारीखही लिहा. घरच्यांनो, तुमच्या माणसाची झोप, भूक आणि बोलणं यांवर डोळा ठेवा. ‘धीर धर’ म्हणून उठून जाऊ नका, शेजारी बसा, आणि दोन आठवडे उलटूनही मळभ हटत नसेल तर डॉक्टरांकडे घेऊन जा. खर्चाची काळजी वाटत असेल तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पाहा. शरीराच्या आजाराला जसा आरोग्य विमा मिळतो तसाच मनाच्या आजारालाही मिळाला पाहिजे, असं त्याने सांगितलं आहे.

आणि तुम्ही स्वतः त्या पलंगावर असाल, रात्री दोन वाजता डोळे उघडे असतील, जगणं नको वाटत असेल, तर सकाळची वाट बघू नका. घरातल्या कुणाला तरी हाक मारा. हाक मारवत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेला फोन लावा : 14416. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येतं.